पट

पणसमळच्या शाळेत फळे दोन.
एक काळा, भिंतीवर.
दुसरा स्मार्ट, तो अजून खोक्यात,
कोपऱ्यात उभा, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

भिंत चिऱ्याची, चार महिने पाझरलेली.
फिटर म्हणाला, टीचर, हिच्यात खिळा धरत नाही,
आधी प्लास्टर करून घ्या, मग फोन करा.
प्लास्टरची फाईल बांधकाम खात्यात.
बांधकाम खातं म्हणतं, इमारत पंचायतीची.
पंचायत म्हणते
(म्हणजे सरपंच, लेकीला वाळपईच्या
इंग्लिश शाळेत सोडून परतताना,
स्कूटर बंद न करता)
बघूया.

उद्घाटन मात्र झालं.
मंत्र्यांनी खोक्यावरच फीत कापली.
जनरेटर टेम्पोतून आला, टेम्पोतूनच गेला.
'सत्तरीचं मूल आता
सिंगापूरच्या मुलाच्या बाकावर बसेल!'
टाळ्यांत दुसरीतल्या लुकेश वरकने
माझा पदर ओढला :
'मगे म्हज्या बांकार कोण बसतलो?'

मग पत्र आलं.
पट आठ. दहाच्या खाली.
सबब, विलीनीकरण.
नवी शाळा सहा किलोमीटर, मधे ओहोळ.
'वाहनाची सोय करण्यात येईल.'
चौथीला भविष्यकाळ शिकवायला
मी हेच वाक्य फळ्यावर घेतलं,
काळ्या.

'टीचर, विलीन म्हणजे?' तेजलने विचारलं.
आदल्याच आठवड्यात आम्ही
ग्लासात मीठ टाकून ढवळलं होतं.
म्हटलं, तसंच काहीसं.
ती ग्लासाकडे बघत राहिली.
'मगे आमी मीठ काय उदक?'

मला बीएडला असला प्रश्न नव्हता.
मी कंत्राटी. माझं नाव
पत्रात कुठेच नाही,
विरघळायलाही आधी नोंद लागते.

तरी रोज हजेरी घेते.
आठही जण इतक्या जोरात 'हजर' म्हणतात
की कुणाला वाटावं, ऐंशी आहेत.
वाटावं कुणाला तरी.

मधल्या सुट्टीत शेवंतीमावशी येते,
डोक्यावर भाजीचा टोप, काखेत पावाची पिशवी.
जमीन ओली. म्हणून आम्ही खोकं
दोन बाकांवर आडवं घालतो
आणि त्यावर ताटल्या मांडतो.
'ही बाजू वर' असं छापलेला बाण
आता दरवाजाकडे बघतो.
लुकेश जेवता जेवता तो बोटाने गिरवतो,
बोट चाटतो,
आणि ओरडतो :
मावशे, आयज भाजयेक मीठ ना गे.