बेल्मिरोचं घड्याळ

पोर्तोच्या उभ्या चढावर बेल्मिरोचं दुकान.
काचेआड हे घड्याळ, एकोणचाळीस उन्हाळे.
सोन्याची कड तशीच. तबकडी मुळात काळी होती म्हणे,
आता तिचा रंग मला सांगता येत नाही:
करपल्या साखरेचा,
की पिंपात मुरत राहिलेल्या वाइनचा?

तीनच्या आकड्यापाशी मात्र
एक चौकोन अजून काळाकुट्ट.
तिथं दोऱ्याला किमतीची चिठ्ठी लोंबायची,
तेवढ्यालाच ऊन लागलं नाही.

जिनिव्हाहून कंपनीचं पत्र आलेलं:
नवी तबकडी बसवून देऊ, फुकट.
ते कॉफीच्या बशीखाली.

कानाला लावलं. चालू होतं,
चार मिनिटं मागं.
किंमत विचारली.

त्यानं चष्मा कपाळावर सारला,
काळ्या चौकोनावर नख टेकवलं.
"लिहिलीय की.
वाच."