पाळी

दहा मिनिटांची पाळी असते आमची.
दहा मिनिटं ऐकायचं, लिहायचं,
मग मागच्या दारानं निघायचं.
पुढचा प्रतिवेदक त्याच अर्ध्या वाक्यावर येऊन बसतो,
खुर्ची अजून गरम असते.

म्हणून प्रश्न तेवढा माझ्या वहीत आहे.
लोकलेखा समिती, नागपूर, सकाळी अकरा दहा :
“तीनशे बारा कोटी तिजोरीतून गेले.
बँक वाचली म्हणता. बरं.
पण ते द्या म्हणून सही कुणाची?”
समितीप्रमुखांनी चष्मा काढून उपडा ठेवला.
सचिवांनी फाईल उघडली,
मिटली,
पुन्हा उघडली तीच.
ग्लासावरचं झाकण सरकलं.
आणि पोफळेनं माझ्या खांद्याला हात लावला.

उत्तर पोफळेच्या वहीत.

घाईत आम्ही स्वर गाळतो.
उरतात नुसती व्यंजनं, टेकायला काही नसलेली.
मग ठेव आणि ठाव दिसायला एकच,
दोष आणि देश यांत केसाचा फरक.
संदर्भानं लावून घ्या, सर शिकवायचे.
बावीस वर्षं मी संदर्भानं लावून घेतेय.

खिडक्या बंद होत्या. तरी
मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेला मोर्चा
मधूनच ऐकू येत होता.
ठेवीदारांचाच होता, नंतर कळलं.
तो आवाज कुणाच्याच पाळीत येत नाही.
आम्ही माइकवरचं लिहितो.

संध्याकाळी एकशे साठ गाळ्यांवरून
गोळीबार चौकात गेले, माहेरच्या गल्लीत.
कौतिकाबाई हेडाऊ ओट्यावर,
कानाला मफलर, समोर शेगडी.
पासबुक काढलं तिनं ब्लाऊजच्या कापडातून.
सहा महिन्यांत पाच हजार, वर नाही,
असा निळा शिक्का, तिरका.
“तू तं तिथंच बसतं न वं?
काय झालं आमच्या ब्यांकेचं?”

समितीपुढची साक्ष गोपनीय असते.
मी म्हटलं, चौकशी सुरू आहे.

ती काही बोलली नाही. हात शेकले.
मग म्हणाली,
“मी चाळीस वर्सं कांड्या भरल्या.
शनिवारी मालक मोजून घे.
बारा नेल्या तं बारा वापस.
एक जरी रिकामी आली
तं सूत कुठी गेलं ते सांगून मंग घरी जायचं.
माही बिमार पोर घरी राह्यची, तरी
सांगून मंग जायचं.”

एवढंच. मग तिनं चहा टाकला
आणि माझ्या बदलीचं विचारलं.

परवा मसुदा साक्षीदारांकडे गेला, दुरुस्तीला.
पोफळेच्या दहा मिनिटांत होतं,
“मला सांगता येणार नाही, साहेब.”
परत आलं तेव्हा झालं होतं,
“माहिती संकलित करण्यात येत आहे.”
हिरव्या शाईत, सुंदर अक्षर.
ती सही मात्र लगेच सापडली त्यांना,
प्रत्येक पानाच्या तळाशी, तारखेसकट.
पोफळेनं विचारलं, जुनं खोडू?
मी म्हटलं, वही नको खोडूस.
वह्या वर्षभर सांभाळतात, मग रद्दीत.

शेवटच्या दिवशी दुपारी
अहवाल सभागृहात आला,
दोन महामंडळांच्या जमाखर्चांच्या मध्ये.
निम्मी बाकं रिकामी, बाकीच्यांची विमानं चारची.
पाळी माझीच होती.
“अध्यक्ष महोदय, अहवाल पटलावर ठेवतो.”
ठेवला.

मी लिहिलं.
मग खाली पाहिलं :
ठ, व.
स्वर नाहीत.
ठेव म्हणून वाचता येतं,
ठाव म्हणूनही.
खाली थोडी जागा होती.
तिथं मी पेन्सिलीनं, आमच्या लिपीत नव्हे,
साध्या अक्षरात, कान्यामात्र्यांसकट लिहिलं,
सूत कुठी गेलं.

खांद्याला हात लागला.
मी उठले.