भाग क्रमांक ८१ ते ८५

घर आपलं नसतं, बाबा सांगायचे,
आपले असतात ते पाच भाग,
पन्नास-पन्नास रुपयांचे, ८१ ते ८५,
आणि ते ज्याच्या नावावर, त्याला
चौथ्या मजल्यावर राहू देतात, एवढंच.
दाखला गुजरातीत. खाली तीन सह्या,
एक बाबांचीच, खजिनदार म्हणून.
माणसानं स्वतःलाच दिलेली पावती.

सुमेळ सोसायटी, फत्तेगंज, बडोदे.
एकोणीसशे चौसष्ट.
सहा मजले, चोवीस बिऱ्हाडं, पगारी माणसं पाच:
एक पंपावर, एक जिने पुसणारी,
फाटकावर दोघे, आळीपाळीनं,
आणि लिफ्टीत शनाभाई.

लाकडी स्टूल, पितळी दांडा, जाळीचं दार.
मजल्यांना तो आकडे लावत नसे.
तिसरा म्हणजे वोराकाकींचा,
पाचवा म्हणजे खोकला.
आमचा, शिर्केसाहेबांचा.
बाबा गेल्यावरही
शिर्केसाहेबांचाच.

नडियादचं स्थळ मोडलं त्या संध्याकाळी
दोन आणि तीनच्या मधे त्यानं दांडा सोडला.
‘पावर गयो,’ म्हणाला, भिंतीकडे बघत.
दिवा डोक्यावर लख्ख जळत होता.
मी पदरानं तोंड पुसलं.
मग पावर आला.

आणि बाबांना खाली न्यायचं होतं तेव्हा:
जिना वळणावर अरुंद,
लिफ्टीत आडवं माणूस मावत नाही
(चौसष्ट साली असं काही होईल
हे नकाशात कुणाच्या आलंच नव्हतं).
शनाभाई उठला.
बाबांना स्टुलावर बसवलं,
एका हातानं खांदा धरला, दुसऱ्यानं दांडा.
प्रत्येक मजल्यावर लिफ्ट क्षणभर थांबली.
जाळी उघडली नाही.
मी जिन्यानं धावत होते, बरोबरीनं,
जाळीतून मला बाबा दिसायचे, मग भिंत, मग बाबा,
ऑफिसला निघाल्यासारखे, ताठ.

वार्षिक सभा. गच्चीवर खुर्च्या, शेवउसळ, चहा.
विषय सहावा: स्वयंचलित लिफ्ट.
बिपिनभाई अमीन हिशेब वाचत होते:
एक पगार, एक बोनस, दिवाळीचे कपडे,
नाहीतर मेंटेनन्स दरमहा तीनशे चाळीसनं वाढेल.
‘संमत असणाऱ्यांनी...’

मी हात वर केला.
पुरता नाही. चष्मा सावरावा इतका.
बिपिनभाईंनी तो मोजला.

पेन्शन तुटपुंजी, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत,
ही कारणं खरी आहेत.
खरी कारणं
इतक्या वेळा सांगावी लागत नाहीत म्हणा.

निरोपाला नारळ, शाल, पाकीट.
शनाभाई सगळ्यांना नमस्कार करत
गच्चीवरून जिन्यानं उतरला.
चौथ्यावर टेकला जरा.
मी दाराच्या भिंगातून बघत होते.

आता स्टीलची आहे. आरसा आहे.
कुणीतरी बाई हिंदीत मजला सांगते.
आडवं माणूस मावतं. मी आल्या दिवशीच
नजरेनं मोजून घेतलं.

मग अर्ज केला, रीतसर, मराठीत,
बिपिनभाईंना वाचता येतं:
अर्जदार कु. हेमलता त्र्यंबक शिर्के,
जुन्या लिफ्टीतलं लाकडी स्टूल
योग्य त्या किमतीला मिळावं.
उत्तर आठ दिवसांनी:
वस्तू नोंदवहीत आहे,
सर्व सभासदांची सामाईक,
आपलाही त्यात चोविसावा हिस्सा आहेच.

मीटरच्या खोलीत असतं ते.
फाटकावरचा नवा मुलगा त्यावर डबा ठेवतो.
एकदा मी बिल बघायला म्हणून गेले,
तर डबा उचलून म्हणाला, बसा ना, माजी.
नको म्हटलं.
उभ्या उभ्याच रीडिंग घेतलं, दोनदा,
दोन्ही वेळा वेगळं आलं.