चौरस मीटरमागे

बावधनच्या साइटवर, पत्र्याच्या खोलीत
सकाळपासून भिंतींची बेरीज करतेय.
भाजकी वीट, राखेची वीट, पांढरा ठोकळा, काळा दगड.
आर्किटेक्ट बाईंना सोमवारी तक्ता हवाय:
एका चौरस मीटरमागे किती धूर.

वीट येते दौंडच्या बाजूनं.
भीमेकाठचा गाळ, उसाचं चिपाड, दगडी कोळसा,
आणि दिवसेंदिवस आतल्या आत धुमसणारी भट्टी.
आकडा भरते. लाल.

राखेच्या विटेला भाजणं नाही.
पण राख येते परळीहून, रात्रभर ट्रकनं,
आणि राख म्हणजे तरी काय,
आपणच जाळलेले दिवे, पंखे, गीझर.
तो धूर कुणाच्या खात्यात?
तळटीप लिहिते. तळटिपा तक्त्याहून लांब होत चालल्यात.

ठोकळ्याच्या पोटात हवा, तो तरंगतो
हे पुस्तकात होतं.
यल्लप्पा गवंड्याच्या निंगीनं टाकीत तुकडा सोडून दाखवला,
वर खडीचे तीन प्रवासी बसवून.
थोडा वेळ ऐटीत गेला,
मग पाणी पीत पीत कलला.
लिहिते: पश्चिमेला गिलावा जाड हवा.

दगड वाघोलीचा. ना भट्टी, ना कोळसा, कागदावर साधूच.
फक्त जाड भिंत कार्पेट खाते,
आणि खाणीशेजारच्या चिंचेला
हिरवं व्हायला सवड मिळत नाही.
धुळीचा रकाना नाहीये.

दुपारी द्वारकामावशी डबा घेऊन सावलीला टेकल्या.
"काय मोजता एवढं?"
म्हटलं, कुठली भिंत जड.
"वीट आठ-आठ नेते, पन धरता येते.
ठोकळा हलका, तर कोपरा मानेत रुततो."
भाकरी मोडली.
"जड म्हंजे पाडलेली, बाई.
हितं बंगला होता की. वीस वर्सं पन झाली नव्हती.
विटा अशा खणखणीत!
पन सिमिटात धरलेल्या, एक सुटी निघंना.
चार दिवस डंपर भरत होतो."

माझा तक्ता रिकाम्या प्लॉटपासून सुरू होतो.

सगळ्यात वर एक ओळ घुसवली.
साहित्य: बंगला.
पुढचे रकाने कसे भरायचे, ठाऊक नाही.
वारा आला. दार आपटलं नाही,
त्याला एक अर्धी वीट लावलीय;
रोज पायानं सरकवते मी ती.
आज उलटी करून पाहिली.
एका बाजूला अजून पिस्ता रंग,
आणि पेन्सिलीची रेघ, शेजारी लिहिलेलं:
जून, ३ फूट २.