बाटली, १९५५

लुनेनबर्गच्या धक्क्यावर एफ्रम कॉर्कम शिडं शिवायचा.
रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी गोळी दिली,
सर्पगंधेच्या मुळीची,
समुद्रापलीकडून आलेली.

दाब उतरला.
सुई हातात तशीच राहू लागली.

कुणी गेलं नव्हतं. होडी बुडाली नव्हती.
कॉड मासळीला भावही बरा होता.
व्हर्ना विचारी, काय झालंय?
तो म्हणे, काही नाही.
खोटं नव्हतं ते.
काही नाही, हेच झालं होतं.

पाद्री म्हणाले, प्रार्थना कर.
भाऊ म्हणाला, आळस.

आणि आत, कवटीच्या अंधारात,
एका पेशीपासून दुसरीपर्यंत
केसाहूनही बारीक खाडी,
तिच्या काठावरची कोठारं रिती.
निरोप निघायचे होते,
न्यायला कुणी नव्हतं.

नव्या डॉक्टरानं गोळी बंद केली.
चौथ्या आठवड्यात, पाव करपला म्हणून
एफ्रम व्हर्नावर खेकसला.
ती मागच्या दाराशी जाऊन
ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.
किती दिवसांनी ओरडला!

उरलेल्या गोळ्या तिनं टाकल्या नाहीत.
बटणांच्या डब्यात आहे बाटली,
पुन्हा कुणी आळस म्हणालं
तर पुढ्यात ठेवायला.