न वाहिलेल्या पाण्याचं बिल

रात्री दोन ते चार, ही माझ्या धंद्याची वेळ.
गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरच्या म्हशी कधीच घरी गेलेल्या,
कुत्र्यांचंही बोलून संपलेलं,
मग मी रस्त्यावर गुडघे टेकतो
आणि सळईची पितळी वाटी कानाला लावतो.

सळई दस्तगीर शिकलगारनं घडवली, उद्यमनगरात,
ज्या लेथवर त्याचा बाप ऑइल इंजिनाचे भाग कातायचा.
"डॉक्टर झालास की रं बाळगोंडा," म्हणाला,
"पण पेशंट बोलत न्हाई तुझा."
बोलतो.
धड पाइप गप्प असतो.
फुटलेला तापल्या तव्यासारखा चर्र करत राहतो,
आणि सांध्यातून गळणारा
झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखा.

त्या साली कळंब्याच्या तळ्यात पोरांनी खडूनं क्रीज आखली.
नळाला दोन दिवसांआड पाणी, मग चार.
सर्जेराव टँकरवाल्यानं तिसरी गाडी काढली,
बोनेटला हार घातला, पेढे वाटले.
मलाही दिला. मी खाल्ला.
पेढ्याशी काय भांडण?

मी महापालिकेत कागद घेऊन बसलो:
वाचलेल्या लिटरमागं पैसे द्या, बाकी काही नको.
लेखा विभागातले कुरणेसाहेब चष्मा पुसत म्हणाले,
"चौगुले, जे वाहिलंच नाही ते लिहू कुठं?
जमेला की खर्चाला?"
आधीचं मीटर, नंतरचं मीटर, मधली वजाबाकी माझी.
"वजाबाकीवर पोट भरंल तुमचं?"
साहेब, यंदा अख्खं गावच वजाबाकीवर हाय.

सही व्हायला सतरा आठवडे लागले.
तोवर दस्तगीरनं नळाला लावायच्या जाळ्या काढल्या,
धार तीच वाटते, पाणी निम्मं.
स्टेशन रोडच्या एका लॉजनं दोनशे नेल्या.
मालकाला पाण्याचं काही नव्हतं, टँकरच्या बिलाचं होतं.
चालतंय. जाळीला मन कळत नाही.

बाविसावी गळती उत्तरेश्वर पेठेत.
तिथं सळई टेकवायची गरजच पडली नाही.
जुन्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याशेजारी
तेलाच्या डब्यांतून तगर, कडीपत्ता, सोनचाफ्याची कलमं,
त्या उन्हाळ्यात शोभणार नाहीत इतकी हिरवी.
मालन भोई करवंटीनं खड्ड्यातलं पाणी काढत होती.
"नऊ वर्षं झाली," ती म्हणाली.
"कुणाची लाइन फोडली न्हाई मी.
जे मातीत चाललं हुतं,
ते माझ्या मातीत घातलं, एवढंच."

मिनिटाला अकरा लिटर.
दिवसाला पंधरा हजार आठशे चाळीस.
त्याच गल्लीच्या चढावर, शेवटच्या नळाशी,
बाया घागरी ओळीनं मांडून
नळाचा नुसता वारा ऐकत बसायच्या.
हे मी मालनला सांगितलं.
ती म्हणाली, "मला काय सांगतोस, माझी नणंदच ऱ्हाती तितं."

दुपारपर्यंत सांधा बसवला.
संध्याकाळी चढावरच्या नळाला करंगळीएवढी धार आली,
कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.
बिलात ती ओळ मी घातली. खोटं का बोलू.

आठवड्यानं दस्तगीरच्या बारीक तोट्या घेऊन गेलो,
थेंबथेंब सोडणाऱ्या, एका घागरीत चाळीस डबे भिजवणाऱ्या.
निम्मी कलमं वाळली होती.
"किती द्यायचं?"
राहू दे, म्हटलं.
"मग नकोच. फुकटाचंच बंद केलंस की आत्ता."
तिनं कनवटीचे साठ रुपये मोजून दिले,
दहाची एक नोट फाटकी होती, ती बदलून दिली.

परवा रात्री त्याच बाजूला काम होतं.
त्या खड्ड्यावर सळई टेकवली, उगीचच.
पाइप गप्प.
ह्याच शांततेचे मला पैसे मिळतात.
तरी बराच वेळ
मी कान काढला नाही.