तपकिरी पाटी

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
हॅल्सबी नगर परिषदेची पर्यटन उपसमिती भरते.
हजर सात. गैरहजर एक, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे.
मी इतिवृत्त लिहिते.
माझं मत कुणी विचारत नाही,
आणि बिस्किटं माझ्याच बाजूला असतात.

विषय क्रमांक चार: उरलेले एकतीस हजार पौंड.
लीड्सहून आलेला सल्लागार पडद्यावर समुद्र दाखवतो.
आमचाच समुद्र, पण निळा.
खरा तर धुण्याच्या पाण्याच्या रंगाचा,
खोलीत सगळ्यांना ठाऊक,
पण पाहुण्यासमोर घरातलं कोण काढतं?

महामार्गावर तपकिरी पाटी हवी, तो म्हणतो,
तिच्यावर पांढरं दीपगृह, खाली गावाचं नाव
आणि बाण.
बाण दिसला की गाडी वळते,
वळली की थांबते,
थांबली की पाकीट उघडते.

डेरिक थ्वेट, ज्याच्या बापानं
हेरिंगचे डबे बंद करण्यात चाळीस वर्षं घालवली,
विचारतो, बाणाच्या टोकाला काय आहे आपल्याकडे?
कारखाना, त्याला टाळं.
समुद्रात घुसणारा लाकडी धक्का, तोही अर्धा,
उरलेला अर्धा वादळानं नेला.
चिप्सचं एक दुकान, आंद्रुलाचं,
सोमवारी बंद.
मी लिहिते: 'सदस्यांनी आकर्षणस्थळांबाबत चर्चा केली.'

मग ओलवेन पिकर्सगिल
खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवता सोडवता म्हणतात,
संडास.

सल्लागाराला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं.

संडास, त्या पुन्हा म्हणतात, किनाऱ्यावरचे.
सहा वर्षं कुलूप आहे.
काटकसरीच्या साली आपणच लावलं,
मीही हात वर केला होता.
तीन तास बसमध्ये बसून आलेली बाई
उतरल्या उतरल्या दीपगृह शोधत नाही.

आधी पोटोबा मग विठोबा, आम्ही म्हणतो.
पोटोबाच्याही आधीचं एक दैवत आहे
त्याला म्हणीत बसवायला आम्ही लाजलो.
हे मी लिहीत नाही.

बाजूनं तीन, विरुद्ध तीन.
अध्यक्ष फर्गस ओल्डरॉइड भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतात,
ते मार्चपासून बंद आहे.
मग म्हणतात, बाण नंतर.

कुलपाची किल्ली सापडली नाही. कुलूप कापलं.
आत एका सीगलचं घरटं, ती हलेपर्यंत तीन आठवडे काम थांबलं,
त्याचीही नोंद आहे.
आठवड्याला बारा तासांची एक नोकरी निघाली.
जिल्ह्याला पाठवायच्या तक्त्यात 'रोजगारनिर्मिती' पुढे
मी शून्य पूर्णांक तीन भरलं.
त्या शून्य पूर्णांक तीनचं नाव टमारा.
तिला दोन मुलं, एक दमेकरी,
आणि नळाच्या तोट्या ती अशा घासते
की बघणाऱ्यानं आपले केस नीट करावेत.

जूनमधल्या एका सोमवारी वुल्व्हरहॅम्प्टनहून बस आली.
अडतीस माणसं, त्यांपैकी निम्म्यांच्या हातात काठ्या.
आधी रांग.
मग मोकळ्या चेहऱ्यांनी ती कठड्यापाशी गेली,
समुद्र धुण्याच्या पाण्यासारखाच होता,
एक म्हातारा तरीही म्हणाला, वा.
आंद्रुलानं दुकान उघडलं होतं.
प्रादेशिक आर्थिक विकास म्हणजे नेमकं काय
हे मला अकरा वर्षं कळलं नव्हतं.
त्या दिवशी मोजलं: छत्तीस चहा,
दोन कॉफ्या, आणि व्हिनेगर संपलं.

जेवणाच्या सुट्टीत मीही रांगेत होते.
पुढची बाई वळून म्हणाली, तुम्हीपण फिरायला आलात?
नाही, म्हटलं, इथलीच.
एरवी ह्या उत्तरानंतर दुसरा प्रश्न येतो.
तिनं विचारलं, मग सांगा ना,
बसायला कुठे बरं, वारा लागणार नाही असं?
मी हात लांब केला,
तपकिरी, बोटाच्या टोकापर्यंत.
ती वळली.